गांधीहत्या : कट, चौकशी व प्रवाद

महात्मा गांधी यांच्या नवी दिल्ली येथे ३० जानेवारी १९४८ रोजी झालेल्या हत्येमागील कट, त्याची न्यायालयीन व शासकीय चौकशी आणि त्यासंबंधी पुढील काळात प्रसृत झालेले तर्क व प्रवाद. राष्ट्रीय नेत्याची हत्या झाली म्हणजे ते एकट्या माथेफिरूचे कृत्य की त्यामागे इतरांचा हात, हा वाद बहुतेक देशांत उपस्थित होतो. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येची (१९६३) चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने १९६४ मध्ये ते एकाच व्यक्तीचे कृत्य ठरविले. लोकमताला ते पटले नाही. प्रतिनिधिगृहाच्या समितीने १९७९ मध्ये कटाची शक्यता वर्तविली, तर तिने आधारभूत मानलेला ध्वनिमुद्रणाचा पुरावा १९८२ मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीने अग्राह्य ठरविला. गांधीहत्येच्या बाबतीत परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथे कट होता, असे शासनानेच मांडले व ते दोन न्यायालयांनी मान्य केले. हे आपले एकट्याचे कृत्य आहे, असे मात्र मारेकरी अखेरपर्यंत सांगत राहिला. म्हणून येथील खरा वाद कटाच्या अस्तित्वाविषयी नाही. कटाची व्याप्ती कोठपर्यंत होती आणि हत्येपूर्वी दहा दिवस उघडकीस येऊनही तो का थांबविता आला नाही, हे त्यातील मुख्य प्रश्न होत. नंतरच्या काळात लोकप्रिय झालेल्या तर्कांपैकी बहुतेक या दुसऱ्या प्रश्नाला बगल देणारे आहेत.

हत्येची बातमी पसरताच पहिला प्रवाद जन्माला आला, तो मारेकऱ्याच्या धर्माविषयीचा. ३० जानेवारी रोजी सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास बिर्ला भवनातील प्रार्थनासभेकडे जात असताना गांधींवर नथुराम विनायक गोडसे याने पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या. फाळणीनंतरच्या दंगली पुरत्या शमल्या नव्हत्या आणि दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. मारेकरी मुसलमान असल्याची आवई टिकली असती, तर काही तासांत उत्तर हिंदुस्थानात रक्तपात माजला असता. बिर्ला भवनाबाहेरील जमावात एकाने तसे ओरडून सांगताच गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांनी तो हिंदूच होता असे उलट बजावले. त्या क्षणी त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हते, असे सांगितले जाते. आकाशवाणीनेही मृत्यूच्या पहिल्या वृत्तातच मारेकरी हिंदू असल्याचा स्पष्ट उल्लेख केला. उत्तरेतील संभाव्य अनर्थ त्यामुळे टळला.

महाराष्ट्रात मात्र दुसऱ्या एका प्रवादाने अनर्थ केला. मारेकरी पुण्याचा व ब्राह्मण आहे हे कळताच हत्येचा दोष एका संपूर्ण जातीवर ठेवण्यात आला. फेब्रुवारी १९४८ च्या आरंभी पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे, दुकाने, छापखाने व कारखाने जाळण्यात आले. कोल्हापूर येथील भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ या जाळपोळीत बेचिराख झाला. मुंबईत वि. दा. सावरकर यांचे धाकटे बंधू नारायणराव यांच्यावर दगडफेक होऊन ते गंभीर जखमी झाले. पुढे १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. खेड्यापाड्यांतून अनेक ब्राह्मण कुटुंबे या काळात शहरांकडे आली, ती बहुधा परत गेली नाहीत. व्यंकटेश माडगूळकर यांच्या वावटळ या कादंबरीस याच घटनांची पार्श्वभूमी आहे. या दंगलींमागे जुन्या ब्राह्मणेतर वादाचे व स्थानिक हेव्यादाव्यांचे धागे होते, हे खरे. तथापि काही व्यक्तींच्या गुन्ह्याचे खापर समूहावर फोडणे, हाही एक प्रकारचा कटसिद्धांतच होय. त्याची झळ ज्यांना बसली त्यांच्यापैकी बहुसंख्यांना गोडसे हे नावही आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

कटाचे न्यायालयात सिद्ध झालेले स्वरूप थोडक्यात असे : नथुराम गोडसे हा पुणे येथून निघणाऱ्या अग्रणी (१९४७ पासून हिंदुराष्ट्र) या दैनिकाचा संपादक आणि नारायण दत्तात्रेय आपटे हा व्यवस्थापक होता. विष्णु रामकृष्ण करकरे हा अहमदनगर येथील उपाहारगृहाचा चालक. मदनलाल पाहवा हा पंजाबातून आलेला निर्वासित, करकरेच्या आश्रयाने नगरमध्ये राहत असे. पुण्यात ‘शस्त्रभांडार’ नावाचे दुकान चालविणारा दिगंबर बडगे याने हातबाँब व स्फोटके पुरविली. शंकर किस्तय्या हा त्याचा नोकर. नथुरामचा धाकटा भाऊ गोपाळ हा खडकीच्या लष्करी भांडारात नोकरीस होता. ही मंडळी जानेवारीच्या मध्यास दिल्लीत जमली आणि २० जानेवारी रोजी मदनलालने बिर्ला भवनाच्या आवारात प्रार्थनेच्या वेळी स्फोटकाचा धमाका केला. गोंधळ उडताच इतरांनी गांधींवर हल्ला करावा, असा बेत होता, तो फसला. मदनलाल जागीच पकडला गेला व बाकीचे निसटले. त्यानंतर गोडसे व आपटे मुंबईस परतले. २७ जानेवारी रोजी खोट्या नावांनी विमानाने पुन्हा दिल्लीस गेले. तेथून ग्वाल्हेरला जाऊन दत्तात्रय परचुरे यांच्या परिचितांमार्फत त्यांनी एक इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल मिळविले आणि २९ तारखेस ते दिल्लीत परतले.

खटला लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे १९४८ मध्ये सुरू झाला. गोडसे, आपटे, करकरे, मदनलाल, किस्तय्या, गोपाळ गोडसे, परचुरे व सावरकर असे आठ आरोपी होते. बडगे माफीचा साक्षीदार झाला. ग्वाल्हेरकडील तिघेजण फरारी होते. सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागून गोडसे व आपटे यांना फाशीची आणि इतर पाच जणांना जन्मठेपेची शिक्षा झाली. सावरकर निर्दोष सुटले. सिमला येथे भरलेल्या पूर्व पंजाब उच्च न्यायालयाच्या न्या. भंडारी, न्या. अच्छरुराम व न्या. खोसला यांच्या पीठाने जून १९४९ मध्ये अपिलांचा निर्णय देताना परचुरे व किस्तय्या यांना मुक्त केले व उरलेल्यांच्या शिक्षा कायम केल्या. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला तुरुंगात गोडसे व आपटे यांना फाशी देण्यात आले.

या अपिलातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गोडसेने खुनाचा आरोप अथवा फाशीची शिक्षा यांविरुद्ध अपील केलेच नव्हते; कट होता, या निष्कर्षालाच त्याने आव्हान दिले आणि आपली बाजू स्वतः मांडली. ८ नोव्हेंबर १९४८ रोजी विशेष न्यायालयात वाचलेल्या दीर्घ निवेदनातही त्याने सर्व जबाबदारी एकट्यावर घेतली होती. त्याचा हेतू उघड होता. कट नाकारला की आपटे व इतर सहकारी वाचण्याची आशा होती आणि शिवाय हत्येला एकट्या व्यक्तीच्या आत्मत्यागाचे रूप देता येत होते. न्यायालयांनी हे म्हणणे फेटाळले. तरीही गोडसेविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या लेखनात एकाकी त्यागाचे हे चित्र टिकून राहिले. मराठीत ‘गांधीहत्या’ ऐवजी ‘गांधीवध’ हा शब्द योजण्याची जी प्रथा काही लेखकांत दिसते, तीमागेही हीच दृष्टी आहे. वध हा राक्षसांचा व्हायचा असतो, ही शब्दाची पुराणपरंपरा येथे नकळत नव्हे, तर जाणून वापरली गेली आहे.

हत्येपूर्वीचे दहा दिवस : आत्माचरण यांनी निकालपत्रात २० ते ३० जानेवारी या काळातील पोलीस तपासाच्या ढिलाईकडे केंद्र शासनाचे लक्ष वेधले होते. २० तारखेनंतर तपास नीट झाला असता, तर कदाचित हत्या टळली असती, असा त्यांच्या अभिप्रायाचा आशय होता. या दहा दिवसांची हकीकत कोणत्याही रहस्यकथेपेक्षा अधिक अस्वस्थ करणारी आहे.

मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालला निर्वासित म्हणून मदत केली होती. त्यांची पुस्तके विकून तो काही पैसे मिळवीत असे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मदनलालने आपल्या गटाचा गांधींवर हल्ला करण्याचा बेत असल्याचे त्यांना सांगितले आणि करकरेचे नावही घेतले. जैन यांना प्रथम ती बढाई वाटली. २१ जानेवारीच्या वृत्तपत्रांत दिल्लीतील स्फोटाची व मदनलालच्या अटकेची बातमी वाचताच ते मुंबईचे मुख्यमंत्री बा. गं. खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले आणि जे ऐकले ते सांगितले. मोरारजींनी त्याच रात्री अहमदाबादला निघताना मुंबई सेंट्रल स्थानकावर पोलीस उपायुक्त जमशेद नगरवाला यांना बोलावून करकरेला अटक करण्याच्या व सावरकरांच्या निवासस्थानावर नजर ठेवण्याच्या सूचना दिल्या. दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत त्यांनी हे केंद्रीय गृहमंत्री वल्लभभाई पटेल यांच्याही कानावर घातले. मात्र माहिती देणाऱ्याचे नाव त्यांनी नगरवालांना कळविले नाही. त्यामुळे ज्या एका माणसाने मदनलालच्या तोंडून बेत ऐकला होता, त्याच्याकडे तपास अधिकारी हत्येपूर्वी कधी पोचलेच नाहीत.

दिल्लीत मदनलालच्या जबानीतून पुण्याच्या वृत्तपत्राचा संपादक हा साथीदार असल्याचे निघाले होते. कॅनॉट प्लेसमधील मरीना हॉटेलच्या ४० क्रमांकाच्या खोलीत ‘देशपांडे’ या खोट्या नावाने दोघे राहिले होते. त्यांच्या धुण्यास टाकलेल्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’ अशी अक्षरे होती. पुणे येथील वृत्तपत्रांच्या सरकारी यादीत हिंदुराष्ट्रचे संपादक म्हणून ना. वि. गोडसे हे नाव छापलेले होते. ती यादी आणि ती अक्षरे एकमेकांशेजारी ठेवण्याचे काम कोणी केले नाही. दिल्लीचे दोन पोलीस अधिकारी मुंबईस गेले. त्यांनी नेमकी कोणती माहिती दिली याविषयी दिल्ली व मुंबई येथील अधिकाऱ्यांनी पुढे परस्परविरोधी साक्षी दिल्या. ते दोघे फारसे काही न करता परतले. पुण्याच्या गुन्हा अन्वेषण विभागाचे उपमहानिरीक्षक यू. एच. राणा हे त्या दिवसांत दिल्लीतच होते. मदनलालची सविस्तर जबानी घेऊन ते २५ जानेवारीस निघाले, ते विमानाने नव्हे, तर अलाहाबादमार्गे रेल्वेने, आणि २७ जानेवारीस मुंबईत पोचले. त्याच २७ तारखेस गोडसे व आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीस गेले.

नगरवाला यांनी दरम्यान स्वतःचा एक तर्क बांधला होता. गांधींचा खून करण्याचा नव्हे, तर त्यांचे अपहरण करण्याचा मोठा बेत एका टोळीने रचला आहे, असे त्यांना खबऱ्यांच्या बातम्यांवरून वाटू लागले आणि तपास त्या दिशेने गेला. गांधीहत्येविषयीच्या सर्व चुकीच्या कटकल्पनांमध्ये हीच कल्पना प्रत्यक्षात सर्वांत महाग पडली, असे म्हणावे लागेल; कारण ती हत्येनंतर नव्हे, तर हत्येच्या आधी आणि तीही तपास करणाऱ्यांच्याच मनात निर्माण झाली. गोडसे, आपटे व करकरे यांना चेहऱ्याने ओळखणारे पोलीस पुणे व नगर येथे होते. त्यांपैकी कोणालाही बिर्ला भवनात आणून उभे करण्यात आले नाही. तेथील बंदोबस्त वाढविला होता. प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घेण्यास मात्र गांधींनी ठाम नकार दिला होता.

या अपयशाचा अर्थ लावताना काहींनी केवळ ढिलाईवर समाधान मानले नाही. जयप्रकाश नारायण यांनी फेब्रुवारी १९४८ मध्येच गृहखात्यास जबाबदार धरले आणि मौलाना आझाद यांच्या १९५९ मध्ये प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रातही पटेलांवर टीका आहे. पटेलांनी मुद्दाम दुर्लक्ष केले, असा प्रवाद यातूनच पसरला. त्याला पुष्टी देणारा पुरावा पुढे कोणत्याही चौकशीत आढळला नाही. पटेलांनी झडतीचा आग्रह धरला होता आणि गांधींच्या मृत्यूचा आघात त्यांना किती बसला होता, हे त्यांच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवले आहे. परंतु गुप्तवार्ता विभाग व दोन प्रांतांचे पोलीस यांच्यात समन्वय नसणे हे शासनाचे अपयश होते, ते व्यक्तीच्या सद्‌हेतूने झाकले जात नाही.

कपूर आयोग : ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, करकरे व मदनलाल यांची शिक्षा संपून सुटका झाली. त्यानिमित्त पुण्यात १२ नोव्हेंबर रोजी सत्यनारायणाची पूजा व सत्कार झाला. लोकमान्य टिळकांचे दौहित्र आणि केसरीचे माजी संपादक ग. वि. केतकर हे त्या समारंभाचे अध्यक्ष होते. नथुरामने आपला हेतू हत्येपूर्वी काही आठवडे आपल्याला सांगितला होता आणि ती सूचना बाळूकाका कानिटकर यांच्यामार्फत मुख्यमंत्री खेर यांना पोचविली होती, असे केतकरांनी भाषणात सांगितले. वृत्तपत्रांत हे येताच देशभर खळबळ उडाली, केतकरांना स्थानबद्ध करण्यात आले आणि संसदेतील व महाराष्ट्र विधिमंडळातील मागणीमुळे केंद्र शासनाने १९६५ मध्ये चौकशी आयोग नेमला. आरंभी गोपाल स्वरूप पाठक यांच्याकडे सोपविलेले काम ते मंत्री झाल्यावर नोव्हेंबर १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश जीवनलाल कपूर यांच्याकडे आले.

कटाची पूर्वकल्पना कोणाला होती, ती शासनास कळविली होती काय व शासनाने काय केले, एवढीच आयोगाची कार्यकक्षा होती. हत्येला १८ वर्षे लोटली होती; पटेल १९५० मध्ये, खेर १९५७ मध्ये आणि सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी निवर्तले होते. अशा स्थितीत आयोगाने १०१ साक्षीदार तपासले व १९६९ मध्ये विस्तृत अहवाल सादर केला. वर वर्णिलेल्या दहा दिवसांची तपशीलवार माहिती मुख्यत्वे या अहवालामुळे उपलब्ध झाली. अपहरणाच्या तर्कावर आयोगाने कडक ताशेरे ओढले, राणा यांच्या संथ प्रवासाची दखल घेतली आणि दिल्ली पोलिसांच्या तपासातील उणिवा एकेक करून दाखविल्या. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ ही संघटना म्हणून हत्येस जबाबदार असल्याचे आयोगास आढळले नाही. संघावर फेब्रुवारी १९४८ मध्ये घातलेली बंदी जुलै १९४९ मध्येच उठविण्यात आली होती. नथुराम संघातून कधी बाहेर पडला, याविषयी मात्र त्याचे स्वतःचे व गोपाळ गोडसेचे नंतरचे कथन जुळत नाही.

सावरकरांविषयीचा वाद आयोगाच्या अहवालाने मिटण्याऐवजी वाढला. विशेष न्यायालयात त्यांच्याविरुद्ध मुख्य पुरावा होता तो बडगेच्या साक्षीचा. १७ जानेवारी रोजी मुंबईत सावरकर सदनाच्या जिन्यावरून उतरताना सावरकरांनी गोडसे व आपटे यांना यश चिंतून निरोप दिल्याचे आपण ऐकले, असे तो म्हणाला. माफीच्या साक्षीदाराच्या कथनास स्वतंत्र पुष्टी हवी. ती नसल्याने न्यायाधीशांनी सावरकरांना निर्दोष मुक्त केले आणि शासनाने त्याविरुद्ध अपील केले नाही. कपूर आयोगापुढे सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार व सचिव गजानन दामले यांच्या मार्च १९४८ मधील पोलीस जबान्या आल्या. हत्येपूर्वीच्या काळात गोडसे व आपटे सावरकरांना भेटल्याचा उल्लेख त्यांत होता. खटल्यात या दोघांची साक्ष झाली नव्हती. एकंदर वस्तुस्थिती पाहता सावरकर व त्यांचा गट यांनी केलेला कट, याखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही, असे कपूर यांनी एका परिच्छेदात नमूद केले.

या वाक्याचा आधार घेऊन एक पक्ष सावरकरांचा सहभाग सिद्ध झाला असे मानतो, तर दुसरा पक्ष न्यायालयीन निर्णय अंतिम समजून आयोगाचे मत पूर्वग्रहदूषित ठरवितो. चौकशी आयोग दोषी ठरवू शकत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी हे मत दिले, ते बचावासाठी हयात नव्हते आणि पोलिसांपुढील जबानीची न्यायालयात उलटतपासणी झालेली नव्हती. उलटपक्षी, पुराव्याअभावी सुटका म्हणजे भेटी झाल्याच नाहीत असाही तिचा अर्थ होत नाही. आणि ते दोन साक्षीदार न्यायालयापुढे का आणले नाहीत, हा प्रश्न रास्तच आहे. कायद्याने सावरकर निर्दोष आहेत. इतिहासाच्या दृष्टीने उपलब्ध साधनांवरून याहून पुढे जाणारे कोणतेही ठाम विधान, मग ते कोणत्याही बाजूचे असो, पुराव्याच्या मर्यादेबाहेर जाते.

पंचावन्न कोटींचा मुद्दा : अविभाजित हिंदुस्थानच्या शिल्लक रकमेतील पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी रुपये काश्मीरमधील संघर्षामुळे रोखून धरण्यात आले होते. गांधींनी १३ जानेवारी १९४८ रोजी उपोषण आरंभिले व १५ जानेवारीस केंद्रीय मंत्रिमंडळाने ती रक्कम देण्याचा निर्णय घेतला. हत्येचे तात्कालिक कारण हेच, अशी समजूत मराठी वाचकांत व नाट्यप्रेक्षकांत फार रुजली आहे. घटनांचा क्रम पाहता ती टिकत नाही. शस्त्रांसाठी बडगेशी बोलणे १० जानेवारीस झाले होते. गोडसेने आपल्या आयुर्विम्याच्या दोन पॉलिसींवर आपटेच्या व गोपाळच्या पत्नींची नावे वारस म्हणून नोंदविली, ती १३ व १४ जानेवारीस. म्हणजे मंत्रिमंडळाचा निर्णय होण्यापूर्वीच मरणाची तयारी पूर्ण झाली होती. गांधींविरुद्धचा रोष त्याहून कितीतरी जुना होता. पुण्यात २५ जून १९३४ रोजी, हरिजन दौऱ्याच्या वेळी, नगरपालिकेच्या मानपत्र समारंभाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेवर बाँब पडला, तेव्हा पाकिस्तानची मागणीही पुढे आलेली नव्हती. जुलै १९४४ मध्ये पाचगणी येथेही गांधींविरुद्ध निदर्शने झाली होती. त्या वेळी गोडसेच्या हाती जांबिया होता किंवा नाही, याविषयी साक्षी जुळत नाहीत.

चौथी गोळी व परकीय हात : अलीकडील तर्कांमध्ये सर्वाधिक गाजला तो चौथ्या गोळीचा. गोडसेखेरीज दुसराही मारेकरी उपस्थित होता व प्राणघातक गोळी त्याची होती, असे प्रतिपादन करून मुंबईतील एका संशोधकाने फेरतपासाची मागणी केली. उच्च न्यायालयाने ती फेटाळल्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. काही तत्कालीन वृत्तपत्रांनी चार गोळ्यांचा उल्लेख केला होता, मनुबेन गांधींच्या रोजनिशीतील काही मजकूर आणि अमेरिकी दूतावासाच्या तारा हेही आधार दाखविण्यात आले. घटनास्थळी असलेला अमेरिकेचा उपवाणिज्यदूत हर्बर्ट रायनर याने मारेकऱ्यास प्रथम धरले, असे परदेशी वृत्तपत्रांनी लिहिले होते. भारतीय वृत्तांत इतरांची नावे येतात. या विसंगतीतून, तसेच दुसऱ्या महायुद्धकाळातील ‘फोर्स १३६’ या ब्रिटिश गुप्त संघटनेच्या उल्लेखातून परकीय कटाची कल्पना रचण्यात आली.

या तर्काची ताकद पुराव्यात नसून मूळ तपासातील एका उणिवेत आहे. गांधींच्या देहाचे शवविच्छेदन झाले नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याने बाह्य जखमांची तपासणी केली. आरपार गेलेली गोळी दोन जखमा करते, हे ध्यानात न घेतल्यास जखमांच्या संख्येवरून गोळ्यांची संख्या काढताना चूक होते. गोंधळाच्या क्षणी आवाज मोजणाऱ्यांच्या सांगण्यात एकवाक्यता क्वचितच असते. ‘फोर्स १३६’ ही संघटना तर १९४६ च्या सुमारासच विसर्जित झाली होती. न्यायालयाने न्यायमित्र म्हणून नेमलेले ज्येष्ठ विधिज्ञ अमरेंद्र शरण यांनी मूळ अभिलेख तपासून दुसरा मारेकरी असल्याचा कोणताही पुरावा आढळत नाही व फेरतपासाची आवश्यकता नाही, असा अहवाल जानेवारी २०१८ मध्ये दिला. न्या. शरद बोबडे व न्या. नागेश्वर राव यांच्या पीठाने २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली. चौथ्या गोळीच्या तर्काचा एक परिणाम ध्यानी घेण्यासारखा आहे : तो मान्य केल्यास पुणे, नगर, मुंबई व ग्वाल्हेर येथे जे घडले त्याचे महत्त्व आपोआप गौण ठरते आणि दोष कोणा अनामिक परक्याकडे जातो.

या विषयावरील मराठी वाङ्‌मय विपुल आहे. गोपाळ गोडसे यांचे गांधीहत्या आणि मी (१९६७) हे पुस्तक शासनाने जप्त केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती जप्ती रद्द ठरविली. प्रदीप दळवी यांच्या मी नथुराम गोडसे बोलतोय या नाटकावर १९९८ मध्ये बंदी आली व तीही पुढे न्यायालयाने उठविली. या लेखनातील विधानांचा साधार परामर्श य. दि. फडके यांनी नथुरामायण मध्ये व जगन फडणीस यांनी महात्म्याची अखेर मध्ये घेतला. बेळगाव परिसरातील कादंबरीकार मनोहर माळगावकर यांनी सुटून आलेल्या आरोपींच्या मुलाखती घेऊन १९७८ मध्ये इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ आणि न्या. खोसला यांचे लेखन हीही उपयुक्त साधने आहेत. ज्यांनी वेळेवर सूचना दिली त्या जगदीशचंद्र जैन यांनीही आपली हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. बापूंना आपण वाचवू शकलो नाही, याच अर्थाचे शीर्षक त्यांनी तिला दिले आहे.